व्हरांड्याचा हुकूम

सोमवारी सकाळी घंटा झाली आणि शाळेत कोणी आलं नाही.

बेळगावातल्या जुन्या वस्तीतली ती शाळा. आम्ही बी. टी., म्हणजे मास्तरकीची पदवी, करणारे मास्तर तिथं शिकवण्याचा सराव करायचो. शिवाय वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक आठवडा त्या शाळेचा मुख्याध्यापक व्हायचं, असा कॉलेजचा नियम होता. नुसतं शिकवता येऊन भागत नाही, शाळा चालवता आली पाहिजे, म्हणून. त्या आठवड्याला मार्क होते. ते मार्क नाहीत तर पदवी नाही.

तो आठवडा माझा होता.

मी पायरीवर उभा. अंगात धुतलेला कोट, डोक्याला टोपी. शिपाई बसाप्पा घंटेखाली. त्यानं एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत घंटा दिली. मग म्हणाला, "सर, यारू बंदिल्ल."

कोणी आलं नाही, म्हणाला. कन्नड मला कळत होतं. कळत नसतं तरी मोकळं अंगण दिसत होतं.

शनिवारच्या प्रार्थनेला शाळेच्या हेडमास्तरांनी माझी ओळख करून दिली होती. माझ्या आधीच्या मास्तरांची ओळख अमुक गावचे, अमुक विषयाचे अशी असायची. माझी करून देताना म्हणाले, "यांना सरकारनं खास सवलतीत पाठवलंय." खास या शब्दावर जरा थांबले. पोरांना कळायचं ते कळलं. पोरांनी घरी सांगायचं ते सांगितलं. मध्ये रविवार गेला.

शाळेतले मास्तर मात्र सगळे आले. सह्या केल्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. एकानं दारातनं विचारलं, "काय हेडमास्तर, आज काय हुकूम?" आतनं हसू आलं. मग खोलीचं दार लागलं.

थोड्या वेळानं मागच्या बोळातनं काही पोरं आली. महारवाड्यातली. सरकारी नियमानं त्यांची नावं हजेरीत होती, पण बसायची जागा व्हरांडा. आली, आणि रोजच्यासारखी भिंतीला टेकून व्हरांड्यात बसली. आत सगळे वर्ग रिकामे. सगळे बाक रिकामे. आणि पोरं बाहेर. एकानंही आत डोकावून बघितलं नाही.

दुसऱ्या तासाला आमचे प्राध्यापक आले. शाळा-व्यवस्था हा विषय शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांना व्यवस्थेचे सर म्हणायचो. मागनं माझ्याबरोबरचे सगळे शिकाऊ मास्तर, हातात वह्या घेऊन. सर एकेका वर्गात जाऊन आले. शेवटी अंगणाच्या मध्यावर येऊन उभे राहिले. मला शेजारी उभं केलं. आवाज चढवला नाही. ते कधीच आवाज चढवत नसत.

"मुख्याध्यापकाचं व्यक्तिमत्त्व म्हणजेच शाळेची हजेरी," सर म्हणाले. "ज्याच्या शब्दावर मुलं जमत नाहीत, त्याच्या अंगी नेतृत्व नाही. हे पुस्तकात सापडायचं नाही. समोर आहे, बघा. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

मीही लिहून घेतलं.

तेव्हा काय वाटलं, असं पुढं मला लोकांनी विचारलं. काही वाटलं नाही. विंचू चावल्यावर पायाला वर दोरी आवळून बांधतात. मग तो पाय दिसायला आपलाच असतो, पण आपला नसतो. तसा मी उभा होतो. अक्षर चांगलं आलं होतं. एवढं आठवतं.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातला. आयबा दोघं निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायचे. बा मी लहान असतानाच खोकून खोकून गेला. आय तंबाखू कुटायची, चाळायची. तो खकाणा इतकी वर्षं नाकात गेला की तिला कसलाच वास येईनासा झाला. तव्यावर भाकरी करपायची, घरभर धूर व्हायचा, तिला पत्ता नसायचा.

"आय, भाकरी करपली."

"व्हय? करपू दे. पोटात गेल्यावर काय वास येतोय व्हय."

गावच्या शाळेत मी व्हरांड्यात शिकलो. घरनं आणलेल्या पोत्यावर, खिडकीच्या खाली. तिथनं फळा अर्धाच दिसायचा. उजवीकडचा अर्धा. म्हणजे उत्तर दिसायचं, गणित दिसायचं नाही. मी उत्तरावरनं गणित हुडकायला शिकलो. मास्तर इतरांना सांगायचे, "महाराचं पोरगं बघा, कसं हुशार आहे." आत ये, असं मात्र कधी म्हणाले नाहीत. मला ते वाईट वाटायचं नाही. ऊन लागतं, पाऊस लागतो, तसा व्हरांडा. तो कोणी केला असेल, असं डोक्यात येत नव्हतं.

पुढं निपाणीला हायस्कूल झालं. कोल्हापूरला आमच्या मुलांसाठी बोर्डिंग होतं, तिथं राहून बी. ए. झालो. निपाणीत एका शाळेवर सहायक मास्तर म्हणून लागलो. शिकवणं मला येत होतं. पण वर्गाच्या उंबऱ्यापलीकडं माझं काही चालत नव्हतं. कोणी कुठं बसायचं, पाणी कोणी कुठनं प्यायचं, कोणाला वर चढवायचं, कोणाला ठेवायचं, हे ठरवणारा माणूस वेगळा. तो हेडमास्तर.

गावाच्या कडेला वखारीत काम करणाऱ्यांच्या पोरांसाठी एक शाळा होती. तिचे हेडमास्तर निवृत्तीला आले होते. मी शाळेच्या कमिटीकडं गेलो. कमिटीचे लोक म्हणाले, "बी. टी. होऊन या. मग बघू." त्यांना वाटलं असेल, हा कुठला होतोय. सरकारी सवलत निघाली. मी अर्ज केला. जागा मिळाली.

निघायच्या दिवशी आय म्हणाली, "मास्तर हायस की रं. आनि काय शिकायचं ऱ्हायलंय?"

"शाळा चालवायची शिकायची हाय."

"ती शिकावं लागतं व्हय?" आय म्हणाली. "मला वाटलं, ती जातीनंच येती."

ती चेष्टा करत नव्हती. तिनं जन्मभर जे बघितलं ते सांगत होती.

कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचो. माझ्या शेजारी आप्पासाहेब बसायचा. चिकोडीकडचा जैन, शेतीभाती असलेला, घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारा. तो माझ्या शेजारी बसला म्हणून सुरुवातीला इतरांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं लक्ष दिलं नाही. पण खानावळीत तो आत जेवायचा आणि मी माझ्या खोलीवर. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं. दिवस मावळायच्या आत वाचून घ्यायचं. मी खूप वाचलं. मुलांचं मन कसं चालतं, परीक्षा कशी घ्यावी, वर्गाची तपासणी कशी करावी. सगळं नवं होतं. पण मला हलवलं ते व्यवस्थेच्या सरांच्या एका तासानं.

त्या दिवशी विषय होता बैठक. सर फळ्यावर वर्गाचा नकाशा काढत होते. खिडकी कोणत्या बाजूला, उजेड कोणत्या खांद्यावरनं यावा, कमी दिसणारी मुलं कुठं, बुटकी कुठं. खडू झाडत ते म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. शाळेत कोणतंही मूल आपोआप कुठं बसत नाही. त्याला तिथं बसवलेलं असतं. मुख्याध्यापकानं बसवलेलं असतं, किंवा मुख्याध्यापकानं बघून न बघितल्यासारखं केलेलं असतं. जबाबदारी त्याचीच."

सर पुढं गेले. दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा. मी तिथंच राहिलो.

बसवलेलं असतं.

म्हणजे माझा व्हरांडा ऊन-पावसासारखा नव्हता. तो एका माणसाचा हुकूम होता. कोणीतरी एके दिवशी बोट करून सांगितलं होतं, हा तिथं. मग दुसऱ्यानं तो हुकूम चालू ठेवला. तिसऱ्यानं ठेवला. देव नाही, नशीब नाही, मागचा जन्म नाही. हेडमास्तर. आणि जे हुकमानं झालं ते हुकमानं मोडतं.

हे मला कोणा पुढाऱ्यानं सांगितलं नाही. व्यवस्थेच्या सरांनी सांगितलं. आपण काय सांगून बसलो, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बस म्हणाले नाहीत. पण बोलणं चांगलं होतं.

"हे बघा, मला तुमचं नुकसान करायचं नाही. तुमचे पेपर चांगले आहेत. तुम्ही एक करा. प्रकृती बरी नाही, हा आठवडा झेपत नाही, असं लिहून द्या. मी शिफारस करतो. तोंडी परीक्षेवर पास करून देऊ. पदवी मिळेल. तुमच्या लोकांच्या वसतिगृहावर जागा असतात, तिथं तुमच्यासारखा माणूस हवाच आहे."

"सर, माझी प्रकृती बरी आहे."

"ते मला दिसतंय. मी मार्ग सांगतोय."

"शाळा का आली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, सर."

ते खिडकीकडं बघत म्हणाले, "कारणं मुख्याध्यापकानं सांगायची नसतात."

बाहेर आप्पासाहेब थांबला होता. मी काय झालं ते सांगितलं. तो लगेच म्हणाला, "दे लिहून. गप पास हो आनि जा."

"आजारी न्हाय मी."

"अरे, आजारी न्हाईस ते मला बी दिसतंय. पदवी हातात पडू दे की. मग तुझ्या शाळेत तुला काय करायचं ते कर. कोण आडवतंय?"

"आन् हितल्या व्हरांड्यातल्या पोरांचं?"

"ती काल बी तितंच हुती, उद्या बी तितंच ऱ्हानार. तू आठ दिसांचा पावना."

तो वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलत होता. पण माझ्या नावावर त्या शाळेचे आणखी काही दिवस होते, हेही खरं होतं.

मंगळवारी मी लवकर गेलो. बसाप्पाला सगळ्यात उजेडाचा वर्ग उघडायला सांगितला. घंटा झाली. अंगण मोकळंच. मागच्या बोळातनं पोरं आली आणि व्हरांड्याकडं वळली. मी दारात उभा होतो.

"आत चला."

कोणी हललं नाही. त्यांच्यात यल्लू नावाची एक मुलगी होती. तिच्या कडेवर कायम धाकटा भाऊ असायचा. ती म्हणाली, "आत कुनाची तरी पाटी चोरीला गेली का?"

त्यांना आत बोलवलं जायचं ते झडती घ्यायला. मी म्हटलं, "न्हाय. शिकायला चला."

आली. भिंतीकडंनं, बाकांना न लागता, पुढं सरकली आणि खाली जमिनीवर बसली. मी बाकावर बसा म्हटलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. यल्लूनं बाकाच्या कडेला बोट लावलं. काढून घेतलं. परत लावलं.

"सर, मारनार न्हाईत न्हवं?"

"कोण मारनार? हेडमास्तर मीच हाय."

ती बसली. मग सगळी बसली. काठावर, उठायच्या तयारीत. मला वाटलं होतं, असा दिवस आला की माझा ऊर भरून येईल. तसं काही झालं नाही. मी त्या दोरी बांधलेल्या पायानं चालत होतो. मी फळ्यापाशी गेलो आणि आधी डावीकडं गणित लिहिलं. मग उजवीकडं उत्तराची जागा मोकळी सोडली. सगळ्यांना दिसतं का, विचारलं. सगळ्यांना दिसत होतं.

मग मास्तरांच्या खोलीत गेलो आणि तासांची वाटणी वाचून दाखवली. पहिला गणित, दुसरा भाषा, तिसरा भूगोल. ज्यानं आदल्या दिवशी हुकूम विचारला होता त्याला म्हटलं, "हा आजचा हुकूम."

तो म्हणाला, "वर्ग कुठंय?"

"आत बसलाय."

तो उठला नाही. दुसराही उठला नाही. एक म्हातारे भूगोलाचे मास्तर होते, ते उठले. वर्गाच्या दारापर्यंत आले, पोरं बाकावर बघून थांबले. मग फळ्यापाशी गेले. पोरांपासून लांब राहून, नकाशाला काठी लावून त्यांनी तास घेतला. घटप्रभा दाखवली, मलप्रभा दाखवली. तास झाल्यावर माझ्याकडं न बघता गेले. मला तेवढं पुरं होतं. त्यांनी मनातनं काय केलं, याच्याशी माझं काम नव्हतं. तास झाला होता.

बुधवारी फाटकाशी माणसं जमली. कोट-पगडीची, शेल्याची. आरडाओरडा नाही. नुसती उभी. त्यांच्यातला एकजण हेडमास्तरांच्या घरी गेला, हेडमास्तर कॉलेजात गेले, आणि दुपारच्या आत हेडमास्तर आणि व्यवस्थेचे सर दोघं शाळेत आले. आमचा सगळा वर्ग मागनं. आप्पासाहेब सगळ्यात मागं.

सर वर्गाच्या दारात थांबले. पोरं उभी राहिली. मी त्यांना उभं राहायला शिकवलं होतं, कोणी आलं की. यल्लूचा भाऊ बाकावर झोपला होता, तो तेवढा उठला नाही.

सरांनी मला बाजूला घेतलं. आताही आवाज चढवला नाही.

"तुम्ही बैठक बदललीत."

"होय, सर. मुख्याध्यापकाची जबाबदारी."

हेडमास्तर तोंड उघडणार होते. सरांनी त्यांना हातानं थांबवलं. मला म्हणाले, "मी तुमच्या बाजूनं बोलतोय, ऐका. फाटकाशी लोक आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की जसं होतं तसं करा. ते आत्ता मुलं पाठवतात. अर्ध्या तासात शाळा भरेल. शनिवारी मी तुम्हाला चांगले मार्क देईन. मनापासून देईन. कारण परिस्थिती ओळखून मागं येणं, हेही नेतृत्वच आहे. पण हुकूम तुम्हीच द्यायचा. त्यांना बाहेर बसायला तुम्ही सांगायचं. आम्ही सांगितलं तर त्याचा उपयोग नाही."

मला पहिल्यांदा कळेना. आम्ही सांगितलं तर उपयोग का नाही? मग कळलं. त्यांनी बाहेर काढलं तर तो नुसता जुना हुकूम राहिला असता. मी काढलं असतं, तर तो हुकूम आमचा झाला असता. महारानं महाराच्या पोरांना बाहेर बसवलं. मग त्या व्हरांड्याकडं कोणाला बोट दाखवता आलं नसतं. त्याला आमचीच संमती.

सगळे माझ्याकडं बघत होते. अंगणातले मास्तर. फाटकातली माणसं. वर्गातली पोरं. पोरांना सगळं कळत होतं. यल्लूनं भावाला उचलून कडेवर घेतलं होतं. ती निघायच्या तयारीत होती. मी सांगायची वाट बघत होती.

माझ्यासमोर काय होतं, ते मी बघितलं. पदवी होती. निपाणीची शाळा होती. वखारीतनं सुटलेली आय होती. हे सगळं एका वाक्यात मिळत होतं. लहान वाक्य. 'बाहेर बसा रे.' माझ्या मास्तरांनी मला ते रोज सांगितलं होतं आणि त्यांना काही झालं नव्हतं.

कॉलेजात मी पुस्तकी मराठी बोलायचो. अडखळू नये म्हणून मनात आधी जुळवून घ्यायचो. त्या वेळी जुळवायला काही नव्हतं.

"न्हाय," मी म्हटलं.

सर म्हणाले, "काय?"

"न्हाय सांगनार. माज्या तोंडानं न्हाय."

"विचार करा. तुमचं वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

"त्या मुलांना याचा काय फायदा? ती आज ना उद्या बाहेरच बसणार."

"बसतील. पण हुकूम तुमचा ऱ्हाईल. तुमी द्या. सगळ्यांच्या देखत द्या."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मागं उभ्या असलेल्यांना लिहून घ्या म्हणाले नाहीत. मग हेडमास्तर पुढं झाले आणि वर्गात बघून म्हणाले, "चला रे, बाहेर."

पोरं बाहेर गेली. भराभर, न रडता. यल्लू दारातनं जाताना थांबली. मला वाटलं, काही बोलेल. तिनं फळ्याकडं बघितलं, जे काय लिहिलं होतं ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा गच्च भरली. राहिलेले दिवस दुसऱ्या कोणाला तरी दिले. मला नापास केलं.

निकालाच्या दिवशी आप्पासाहेब भेटला. तो पास झाला होता. त्यानं माझा हात धरला. "मी त्या दिवशी काय तरी बोलायला पायजे हुतं," म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "पायजे हुतं."

मी त्याला 'जाऊ दे' म्हटलं नाही. त्याचा हात मी सोडवला, वाईटपणानं नाही, आणि गाडी धरली.

घरी आलो. आय नुकतीच वखारीतनं आली होती. सांगितलं, नापास झालो. का झालो तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पोरांचं सांगताना मध्येच विचारलं, "ती पोर बाकावर बसली हुती न्हवं? बूड टेकून?"

"बसली हुती."

"मग आता?"

"परत जानार. परत बसनार परीक्षेला."

"जा," आय म्हणाली.

पुढच्या वर्षी गेलो. या वेळी मला खानापूरकडच्या रानातली एक शाळा दिली. मी कोण, कुठला, हे विचारायला तिथं कोणाला सवड नव्हती, सुगी चालू होती. निम्मी पोरं शेतात. मी बांधाबांधावर फिरून पोरं गोळा केली. पास झालो. सगळ्यात खालचा नंबर. पदवीवर नंबर लिहीत नाहीत.

निपाणीच्या कमिटीला मला नाही म्हणायला नियम सापडेना. मी हेडमास्तर झालो.

लोकांना वाटतं, मी त्या कॉलेजाला शिव्या देत असेन. देत नाही. तिथं शिकलेलं मी सगळं वापरलं. तासांची वाटणी कशी करावी, हे मला सरांनीच शिकवलं. मी पहिली वाटणी केली ती अशी, की वखारीत आयांबरोबर जाणाऱ्या पोरांना सकाळचे तास मिळावेत. तपासणी कशी करावी, शिकवलं. मी वर्गात मागं बसून बघायला लागलो, कोणत्या मास्तराची नजर कोणत्या बाकावरनं नुसती सरकून जाते. त्या मास्तराला मी बोलावून विचारायचो. बैठक शिकवली. मी कमी दिसणारी पोरं पुढं आणली, बहिरं पोरगं खिडकीपासून काढलं, आणि व्हरांड्यात कुंड्या लावल्या. माझ्या लोकांना वाटायचं, धीर असला की झालं. नुसत्या धीरानं शाळा चालत नाही. जी व्यवस्था मोडायची ती आधी पुरती यावी लागते. त्यांची विद्या होती. मी ती त्यांच्यापेक्षा मन लावून शिकलो.

काही घरांनी पोरं काढून घेतली. त्यातली काही परत आली. काही आली नाहीत. मी कोणाच्या दारात विनवायला गेलो नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, पटसंख्या का पडली? मी सांगितलं, "बैठक बदलली." त्यांनी आकडा लिहून घेतला आणि पुढच्या वर्गात गेले.

मग सत्तेचाळीस साल आलं. निपाणीत ठिकठिकाणी पताका लागायला लागल्या. ऑगस्ट उजाडला, तसे कमिटीतले एक तंबाखूचे व्यापारी माझ्याकडं आले. चांगले गृहस्थ. शाळेला घड्याळ त्यांनीच दिलेलं.

"मास्तर, झेंड्याच्या दिवशी सगळ्या शाळांची फेरी हाय. आपली शाळा बी पायजे."

"हो, येणार."

"एक इनंती. रांग जरा बघून लावा. आमच्या लोकांची पोरं पुढं. वखारीची मागं. आन् महारवाड्याची त्याच्या मागं, थोडं अंतर ठेवून. आजच्या दिशी वाद नको. आवो, स्वराज्य आलंय."

मी म्हटलं, "रांग उंचीनं लागेल."

"म्हंजे?"

"बुटकं पुढं. उंच मागं. कवायतीचा नियम तसा आहे."

"मास्तर, सगळ्या गावाम्होरं? आमी काय सांगतोय ते समजून घ्या."

"समजलं, शेटजी. म्हणूनच सांगतोय."

ते उठले. "मग आमची पोरं यायची न्हाईत."

"बरं."

"तुमची बदली बी करू आमी."

"करा. जिथं पाठवाल तिथं शाळाच असेल ना?"

ते गेले. मी मास्तरांना बोलावलं आणि हुकूम सांगितला. मग अंगणात जाऊन उभा राहिलो. मला आनंद झाला नव्हता. रागही नव्हता. राग येऊन गेलेला माणूस काम करतो, तसा मी होतो.

झेंड्याच्या दिवशी कोण आलं आणि कोण आलं नाही, हे मी सांगत बसणार नाही. जी पोरं आली त्यांची रांग मी स्वतः लावली. एकेकाला खांद्याला धरून, डोक्यावर हात ठेवून, उंची बघून. ती रांग तशीच निपाणीच्या पेठेतनं गेली.

मला आता कोणाकडं काही मागायचं नाही. आमच्या पोरांना आत घ्या, असं मी म्हणत नाही. ते म्हणणं संपलं. वस्तीतली जी पोरं शिकतात त्यांना मी एकच सांगतो, नुसते मास्तर होऊ नका. हेडमास्तर व्हा. जिथं बसून हुकूम निघतो ती जागा घ्या, आणि घेतली की मऊ होऊ नका. मला जिथं पाठवतील तिथं मी जाईन. तिथल्या पहिल्या दिवशी रांग लावीन.

उंचीनं.